संपादक, छापखाना आणि ऑनलाइन मंच : मजकूर-नियमनाच्या स्वातंत्र्याचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

फेसबुक, यूट्यूब, एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांसारख्या विशाल ऑनलाइन मंचांवर दररोज प्रसिद्ध होणारा मजकूर त्या कंपन्यांनी लिहिलेला नसतो. तो वापरकर्त्यांचा असतो. त्यातील कोणता मजकूर ठेवायचा, कोणता काढायचा, कोणता पुढे आणायचा आणि कोणता मागे सारायचा हे मात्र कंपन्या ठरवितात. हा अधिकार त्यांना असावा की नसावा, हा अलीकडच्या काळातील एक महत्त्वाचा सार्वजनिक वाद आहे. एका पक्षाच्या मते ही खासगी मालकीची जागा असल्याने मालकाला निवडीचे स्वातंत्र्य असलेच पाहिजे. दुसऱ्या पक्षाच्या मते सार्वजनिक चर्चेचा मोठा भाग ज्या मूठभर कंपन्यांच्या हाती गेला आहे, त्यांना असे निरंकुश स्वातंत्र्य देणे लोकशाहीला घातक आहे.

हा वाद बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने मांडला जातो. परंतु दुसऱ्याने लिहिलेला मजकूर जो छापतो, विकतो किंवा पोहोचवितो, त्याच्यावर त्या मजकुराचे दायित्व किती, हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे. महाराष्ट्राच्या वृत्तपत्रीय इतिहासात तर तो वारंवार उपस्थित झालेला आहे. या जुन्या अनुभवाच्या प्रकाशात आजच्या प्रश्नाकडे पाहिल्यास दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाल्याचे दिसते. शासनाच्या सक्तीपासून स्वातंत्र्य ही एक गोष्ट आहे आणि वापरकर्त्याला उत्तर देण्यापासून मुक्ती ही दुसरी. पहिलीची आवश्यकता इतिहास सिद्ध करतो. दुसरीचे समर्थन तो करीत नाही.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) मुद्रक, संपादक व पुस्तकविक्रेता यांच्यावरील दायित्वाचा भारतातील इतिहास थोडक्यात पाहणे, (२) अमेरिका व भारत येथे ऑनलाइन मध्यस्थांना मिळालेल्या कायदेशीर संरक्षणाची जडणघडण तपासणे, आणि (३) मजकूर-नियमनाच्या स्वातंत्र्याची योग्य मर्यादा कोणती, याचा विचार करणे. खासगी संदेशवहन व स्वामित्वहक्काचे प्रश्न येथे विचारात घेतलेले नाहीत.

१. छापखान्यावरील दायित्व

१८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियमाने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले. आक्षेपार्ह मजकुरासाठी कोणाला पकडायचे, हे शासनाला तत्काळ कळावे, हा त्यामागील एक हेतू होता. या व्यवस्थेचा प्रत्यय १८९७ मध्ये आला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’च्या अंकातील मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. त्या मजकुरात टोपणनावाने आलेली एक कविता होती, तसेच पुण्यातील शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत होता. त्या वृत्तांतात टिळकांबरोबरच इतर वक्त्यांच्या भाषणांचाही समावेश होता. म्हणजे ज्या शब्दांसाठी टिळकांना जबाबदार धरण्यात आले, त्यांतील काही त्यांचे स्वतःचे होते, तर काही इतरांचे. नऊ ज्यूरींपैकी सहांनी दोषी व तिघांनी निर्दोष असे मत दिले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यांच्यासह मुद्रक केशव महादेव बाळ यांच्यावरही आरोप ठेवण्यात आला होता. ते मात्र निर्दोष सुटले.

मुद्रक सुटू शकतो, ही गोष्ट पुढे शासनाला परवडणारी राहिली नाही. १९१० च्या मुद्रण अधिनियमाने वेगळीच पद्धत अवलंबिली. नव्या छापखान्याच्या चालकाकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत अनामत मागण्याचा आणि आक्षेपार्ह मजकूर आढळल्यास ती जप्त करण्याचा अधिकार प्रशासनाला मिळाला. एकदा जप्ती झाल्यावर छापखाना पुन्हा चालू करावयाचा, तर एक हजार ते दहा हजार रुपयांची नवी अनामत भरावी लागे. या पद्धतीत लेखकाचा दोष न्यायालयात सिद्ध करण्याची गरज उरली नाही. छापखान्याचा मालक हा बहुधा मताचा आग्रही नसून व्यवसायाचा माणूस असे. आपली यंत्रसामग्री व पैसा धोक्यात घालण्यापेक्षा शंकास्पद मजकूर नाकारणे त्याला सोयीचे वाटणे स्वाभाविक होते. शासनाला स्वतः लेखणी चालवावी लागली नाही. काटछाट करण्याचे काम भीतीने परस्पर होऊ लागले.

१९२२ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्याच वेळी १८६७ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन वृत्तपत्राच्या प्रत्येक प्रतीवर संपादकाचे नाव छापणे आवश्यक ठरले. या दोन बदलांचा एकत्रित अर्थ महत्त्वाचा आहे. मजकूर निवडणारी व्यक्ती नावानिशी समोर आली आणि यंत्र चालविणाऱ्यावरील आर्थिक दडपण सैल झाले. निवडीचा अधिकार आणि निवडीची जबाबदारी एकाच ठिकाणी आली. ही सुधारणा टिकली नाही. सविनय कायदेभंगाच्या पार्श्वभूमीवर १९३१ च्या आणीबाणी अधिकार कायद्याने अनामतीची पद्धत पुन्हा आणली. तथापि, दायित्व कोणावर ठेवल्यास काय परिणाम होतो, याचा धडा या वीस वर्षांच्या इतिहासात स्पष्टपणे मिळतो.

२. पुस्तकविक्रेता : दोन न्यायालये, दोन निर्णय

मजकूर न लिहिणाऱ्या व न निवडणाऱ्या, केवळ विकणाऱ्या व्यक्तीचे दायित्व हा पुढचा टप्पा होय. १९५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्मिथ विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात लॉस एंजेलिसमधील एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा रद्द केली. पुस्तकातील अश्लील मजकुराची जाणीव नसतानाही विक्रेत्याला शिक्षा होऊ लागली, तर तो स्वतः तपासलेलीच पुस्तके ठेवील. परिणामी निर्दोष पुस्तकेही वाचकापर्यंत पोहोचणार नाहीत, असा न्यायालयाच्या विवेचनाचा गाभा होता.

भारतात याच्या उलट घडले. मुंबईतील ‘हॅपी बुक स्टॉल’च्या भागीदारांवर डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची प्रत विकल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ खाली खटला झाला. दंड प्रत्येकी अवघा वीस रुपयांचा होता. पण प्रश्न तत्त्वाचा असल्याने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९६४ च्या निर्णयात न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. विक्रेत्याला पुस्तकातील मजकुराची जाणीव होती हे अभियोग पक्षाने सिद्ध करण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने मानले. इंटरनेटच्या कायद्यात दोन्ही देशांनी पुढे जे भिन्न मार्ग स्वीकारले, त्यांची पार्श्वभूमी या दोन निर्णयांत आढळते.

३. अमेरिकेतील पेच व १९९६ ची तोड

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयासमोर कॉम्प्युसर्व्ह या कंपनीविरुद्ध बदनामीचा दावा आला. ही कंपनी आपल्या सेवेवरील मजकूर प्रसिद्धीपूर्वी तपासत नव्हती. न्यायालयाने तिला ग्रंथालय वा पुस्तकविक्रेत्याप्रमाणे वितरक मानून दायित्वातून मुक्त केले. १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्याच एका न्यायालयात प्रॉडिजी या कंपनीविरुद्ध स्ट्रॅटन ओकमाँट या रोखे दलाल संस्थेने दावा केला. कुटुंबात निर्धास्तपणे वापरता येईल अशी सेवा म्हणून प्रॉडिजीने स्वतःची जाहिरात केली होती. अश्लील शब्द गाळणारी संगणकप्रणाली व वापरकर्त्यांसाठी नियमावलीही तिने ठेवली होती. याच कारणास्तव न्यायालयाने तिला प्रकाशक ठरविले.

या दोन निर्णयांतून विचित्र पेच निर्माण झाला. जो मजकुराकडे डोळेझाक करतो तो सुरक्षित आणि जो घाण साफ करण्याचा प्रयत्न करतो तो दोषी, असा त्यांचा व्यावहारिक अर्थ होता. हा पेच सोडविण्यासाठी प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकन सदस्य ख्रिस्तोफर कॉक्स व डेमोक्रॅट सदस्य रॉन वायडेन यांनी मांडलेली दुरुस्ती ऑगस्ट १९९५ मध्ये ४२० विरुद्ध ४ मतांनी संमत झाली. फेब्रुवारी १९९६ च्या कायद्यात ती कलम २३० म्हणून समाविष्ट झाली. वापरकर्त्याच्या मजकुरासाठी मंचाला प्रकाशक मानले जाणार नाही आणि आक्षेपार्ह मजकूर सद्भावनेने काढल्याबद्दलही त्याच्यावर दायित्व येणार नाही, असे दुहेरी संरक्षण त्याने दिले. त्याच कायद्यातील असभ्य मजकुरावरील फौजदारी बंधने सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरविली. कलम २३० मात्र टिकले.

या इतिहासातून एक प्रचलित गैरसमज दूर होतो. ‘मंचाने तटस्थ राहावे, मजकूर निवडला की संरक्षण गेले’ असे जे वारंवार सांगितले जाते, ते या कलमाच्या हेतूच्या नेमके विरुद्ध आहे. मंचाने निर्भयपणे नियमन करावे, यासाठीच हे कलम आले.

४. भारतीय कायद्याची वाटचाल

भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यातील मूळ कलम ७९ नुसार जाणीव नव्हती किंवा योग्य ती दक्षता घेतली होती, हे मध्यस्थाने स्वतः सिद्ध करावयाचे होते. डिसेंबर २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या विक्री-संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने अश्लील चित्रफीत विक्रीस ठेवल्याच्या प्रकरणात त्या कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना अटक झाली. चित्रफीत कंपनीची नव्हती. पण पुस्तकविक्रेत्याला लावलेला न्याय येथे नव्या रूपात अवतरला होता. या प्रकरणाने कायद्यातील उणीव ठळक झाली. २००८ मध्ये संमत झालेली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेली दुरुस्ती कलम ७९ ला नवे रूप देणारी ठरली.

या नव्या कलमातील एक अट अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. मध्यस्थाने प्रसारित माहितीची निवड किंवा तीत फेरबदल केलेला नसावा, अशी संरक्षणाची एक पूर्वअट आहे. तिचा शब्दशः अर्थ घेतल्यास मजकूर काढणारा मंच ‘निवड’ करतो आणि संरक्षण गमावतो. म्हणजे प्रॉडिजीचा पेच येथेही उभा राहतो. २०२१ च्या नियमांतील एका परंतुकाने तो सोडविला आहे. निषिद्ध प्रकारचा मजकूर मध्यस्थाने स्वेच्छेने किंवा तक्रारीवरून काढल्यास या अटीचा भंग होत नाही, असे ते परंतुक सांगते. अमेरिकेत जे संरक्षण विधिमंडळाने संमत केलेल्या कलमात आहे, ते भारतात कार्यकारी शासनाने केलेल्या नियमाच्या परंतुकावर अवलंबून आहे. शासन जे नियमाने देते, ते नियमाने काढूनही घेऊ शकते. ही बाब चिंतेची आहे.

दरम्यान, नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळण्यात आलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत लिहिल्याबद्दल पालघर येथे एका तरुणीला अटक झाली. ते मत पसंत असल्याची खूण करणाऱ्या दुसऱ्या तरुणीलाही पोलिसांनी सोडले नाही. या घटनेनंतर दाखल झालेल्या ‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ रद्द केले. त्याच निर्णयात कलम ७९ चाही अर्थ लावण्यात आला. मजकूर काढण्याचे बंधन मंचावर येते ते न्यायालयाच्या आदेशाने किंवा शासनाच्या अधिसूचनेने. कोणाही खासगी व्यक्तीच्या तक्रारीने नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. लक्षावधी तक्रारींपैकी कोणती रास्त आहे, हे ठरविण्याचे न्यायाधीशाचे काम मंचावर टाकता येणार नाही, हे त्यामागील कारण होते. सक्तीने मजकूर काढण्याच्या प्रश्नाला अशा रीतीने सीमा पडली. स्वेच्छेने मजकूर काढण्याचा प्रश्न मात्र या निर्णयात चर्चिला गेला नाही.

२०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर विशेष बंधने घातली. त्यांतील अनुपालन अधिकाऱ्याची तरतूद १९१० च्या कायद्याची आठवण करून देणारी आहे. हा अधिकारी भारतात राहणारा असावा आणि दक्षतेत कसूर झाल्यास त्याला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरता यावे, अशी ती तरतूद आहे. अनामत रकमेची जागा येथे व्यक्तीच्या स्वातंत्र्याने घेतली आहे, इतकेच. २०२३ मध्ये आणखी एक पाऊल टाकण्यात आले. केंद्र शासनाच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही, हे शासनाच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवावयाचे आणि तो खोटा ठरल्यावर मंचाने ठेवल्यास संरक्षण धोक्यात यावयाचे, अशी ती दुरुस्ती होती. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला; तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्दबातल ठरली.

५. निरंकुश स्वातंत्र्यावरील आक्षेप

मंचांच्या स्वातंत्र्याविरुद्धचे आक्षेप मात्र दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. ८ जानेवारी २०२१ रोजी ट्विटरने अमेरिकेचे विद्यमान अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते कायमचे बंद केले. मालकी बदलल्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. एका खासगी कंपनीचे धोरण मालकागणिक बदलावे आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांचा सार्वजनिक आवाज अवलंबून असावा, ही स्थिती दोन्ही बाजूंच्या विचारवंतांना अस्वस्थ करणारी ठरली. भारतात ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे खाते २०१९ मध्ये बंद झाले. सर्वांनी नाझी पद्धतीने हात उंचावलेला असताना एकटा माणूस हाताची घडी घालून उभा असल्याचे १९३६ मधील प्रसिद्ध छायाचित्र त्यांच्या खात्यावर होते. हुकूमशाहीला दिलेल्या नकाराचे ते चित्र द्वेषमूलक ठरविले गेले. संदर्भ न पाहता केलेले नियमन किती अन्यायकारक होऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्यानमारचे आहे. तेथे रोहिंग्या समाजाविरुद्धचा द्वेषमूलक प्रचार फेसबुकवरून पसरला. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्ये त्यावर कठोर टीका केली आणि हिंसेला चिथावणी देण्यासाठी आपल्या मंचाचा वापर रोखण्यास आपण पुरेसे प्रयत्न केले नाहीत, असे कंपनीनेही त्याच वर्षी मान्य केले. बर्मी भाषा जाणणारे तपासनीस पुरेसे नसणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. भाषा न जाणणाऱ्याच्या हाती नियमन दिल्यास निरुपद्रवी विनोद काढला जातो आणि गावठी शिवीतील विखार तसाच राहतो. इंग्रजीखेरीज इतर भाषांत लिहिणाऱ्यांना, अर्थातच मराठी भाषकांनाही, हा धोका लागू आहे.

या आक्षेपांवर सुचविण्यात आलेला एक उपाय म्हणजे मंचांना टपाल वा तारखात्याप्रमाणे मानणे, म्हणजे आलेला प्रत्येक संदेश त्यांनी भेदभाव न करता पोहोचवावा. परंतु टपालखाते एकाचे पत्र कोट्यवधींसमोर मांडत नाही आणि कोणते पत्र आधी वाचावे हेही सुचवीत नाही. मंचाचे मुख्य कामच क्रम लावण्याचे आहे. फ्लोरिडा व टेक्सास या राज्यांनी २०२१ मध्ये मंचांच्या निवडीवर बंधने घालणारे कायदे केले. १ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते खटले फेरविचारार्थ परत पाठविताना, मजकुराची निवड व मांडणी ही अभिव्यक्तीच आहे आणि अभिव्यक्तीचा समतोल शासनाने आपल्या पसंतीनुसार साधावा हे घटनेला मान्य नाही, अशी भूमिका घेतली.

या भूमिकेशी मिळताजुळता विचार भारतात त्यापूर्वी सहा दशके मांडला गेला होता, तोही पुण्याच्या ‘सकाळ’ या मराठी दैनिकाच्या निमित्ताने. लहान वृत्तपत्रांना संधी मिळावी म्हणून पृष्ठसंख्येची किमतीशी सांगड घालणारा १९५६ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये रद्द केला. हेतू समतेचा असला, तरी एकाच्या अभिव्यक्तीला कात्री लावून दुसऱ्याला वाव देण्याचा अधिकार शासनाला नाही, हे त्या निर्णयाचे सार आहे.

६. कारणे देण्याचे बंधन

तथापि, संपादकाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या मंचाने संपादकाची जबाबदारीही स्वीकारली पाहिजे, असे म्हटल्यास ते अशक्य कोटीतील ठरते. संपादक प्रत्येक ओळ वाचून छापतो; मंचाला ते शक्य नाही. प्रत्येक मजकुराचे दायित्व त्याच्यावर टाकल्यास तो १९१० नंतरच्या छापखानदारासारखा वागू लागेल. जर्मनीने २०१७ मध्ये उघड बेकायदा मजकूर चोवीस तासांत काढण्याची सक्ती आणि पाच कोटी युरोंपर्यंत दंडाची तरतूद केली, तेव्हा गरजेपेक्षा अधिक मजकूर काढला जाईल, असा आक्षेप याच कारणाने घेण्यात आला.

मधला मार्ग कार्यपद्धतीचा आहे. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णतः लागू झाला. मजकूर काढल्यास वापरकर्त्याला विशिष्ट कारणे कळविणे आणि तक्रारीची सोय ठेवणे तो बंधनकारक करतो. कोणता मजकूर ठेवावा, याची निवड मंचाकडेच राहते. भारतातील २०२१ च्या नियमांतही मोठ्या मंचाने स्वतःहून मजकूर काढण्यापूर्वी कारणे कळवावीत व वापरकर्त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, अशी तरतूद आहे. या नियमांतील ही सर्वांत मौलिक, पण सर्वांत कमी चर्चिली गेलेली तरतूद होय. २०२३ पासून त्यावर अपील ऐकणाऱ्या समित्या केंद्र शासनानेच नेमल्या आहेत. त्या शासनापासून स्वतंत्र असत्या, तर ही व्यवस्था अधिक विश्वासार्ह ठरली असती.

‘योगक्षेम’ या आयुर्विमा महामंडळाच्या नियतकालिकात टीकेचे खंडन छापले गेले. पण टीकाकाराचे प्रत्युत्तर छापण्यास नकार मिळाला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार अनुचित ठरविला. महामंडळ हे राज्यसंस्थेचे अंग असल्याने हे बंधन आले. खासगी मंचाला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. मात्र ज्याच्या हाती व्यासपीठ आहे त्याने नकाराचे कारण दिले पाहिजे, हे न्यायाचे सूत्र दोन्हीकडे सारखेच उपयुक्त आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात :

१) दुसऱ्याच्या मजकुराचे दायित्व वाहकावर टाकले की तो शासनाचा अघोषित अभिवेक्षक बनतो, हे १९१० च्या कायद्यापासून आजवर दिसून आले आहे. म्हणून मजकूर-नियमनाचे स्वातंत्र्य मंचांकडेच असणे इष्ट आहे.

२) भारतात या स्वातंत्र्याचा आधार नियमातील परंतुकाऐवजी संसदेने संमत केलेल्या कलमात असावयास हवा.

३) हे स्वातंत्र्य शासनाविरुद्धचे आहे, वापरकर्त्याविरुद्धचे नाही. कारणे देणे, म्हणणे ऐकणे, वापरकर्त्याची भाषा जाणणारे तपासनीस नेमणे आणि स्वतंत्र अपिलाची सोय ठेवणे या जबाबदाऱ्या त्याच्या जोडीने आल्याच पाहिजेत.

१९२२ नंतर वृत्तपत्राच्या वाचकाला निदान एवढे ठाऊक होते की मजकूर कोणी निवडला. ते नाव अंकावरच छापलेले असे. ऑनलाइन मंचावर ज्याचा मजकूर नाहीसा होतो, त्याला तो कोणी, कोणत्या नियमाने आणि का काढला, हे कळण्याचा हक्क आहे. मुद्रित शब्दाच्या युगाने दिलेले हे किमान उत्तरदायित्व नव्या माध्यमाने नाकारावे, याला इतिहासात आधार सापडत नाही.